मूठ समोरच्याकडे

उस्ताद, तुम्ही चाकू त्याला परत का दिला?

आज नववा दिवस. या नऊ दिवसांत हा प्रश्न मी भिंतीला विचारला, आरशाला विचारला. परवा तर भाजीच्या गाड्यापुढे उभी राहून मोठ्याने विचारला, तेव्हा भाजीवाला बिचारा 'कुठला चाकू, ताई?' म्हणत वांग्यांच्या ढिगाखाली शोधायला लागला. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. तुमच्या घरी बायका रडत होत्या तेव्हा मी दुकानात उभी राहून गादीच्या शिवणीतला एक सुटलेला दोरा ओढत होते. माझं डोकं अजून त्या मंगळवारच्या दुपारी चार वाजता तुमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर अडकून पडलंय.

समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. मी ते सात वेळा पाहिलं. आवाज नाही, आणि कॅमेरा तुमच्या पाठीमागून आहे म्हणून तुमचं तोंड दिसत नाही. तुम्ही टेम्पोतून हॉस्टेलच्या गाद्या उतरवून घेताय. पलीकडून माझ्या स्वसंरक्षणाच्या वर्गाला येणारी पल्लवी, उमरीची, तिचा क्लास सुटून निघालीय. एक पोरगा तिची बॅग धरून ओढतोय. मागच्या वर्षी तिच्याच बॅचला होता, तिच्या मागे लागला होता, आता तिचा फोन मागत होता, हे सगळं नंतर कळलं. लोक थांबतात. कुणी जवळ जात नाही, दोघे-तिघे मोबाईल मात्र वर धरतात. मग त्याच्या हातात चाकू येतो. आणि तुम्ही कापूस झोडायची काठी घेऊन निघता. पळत नाही, चालत. एक पाऊल तिरकं टाकता, मनगटावर एकच टोला, आणि चाकू खाली. पासष्टी उलटलेला माणूस, सकाळी गुडघ्याला तेल चोळल्याशिवाय जिना न चढणारा. तेवढा भाग मी थांबवून थांबवून पाहिला. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

त्यानंतर तुम्ही वाकलात. चाकू उचललात. पात्याला धरून मूठ त्याच्याकडे केलीत आणि हात पुढे केलात. त्याने तो घेतला.

पुढचं मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

पेपरात आलं की गोंधळलेल्या वृद्धाने चाकू हल्लेखोराच्याच हाती दिला. ते चित्रण गावभर मोबाईलवर फिरलं आणि ज्याने त्याने अक्कल पाजळली. म्हातारा सटकला होता, विसरभोळा झाला होता, साखर कमी झाली असंल. चाचींनी तिसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात तुमची दस्ती, तो नेहमीचा रुमाल, होती; ती घडी करायच्या आणि मोडायच्या. म्हणाल्या, "गिरजा, तू त्यांच्याकडं लहानपणापासून शिकली. लोकं म्हणून राहिले की ते येडे झाले होते. मी चाळीस साल संग राहिले, मला तर कधी दिसलं न्हाई. तू खरं सांग." मी म्हणाले, नाही, येडे नव्हते. "मग चाकू का दिला, बेटी?" मला उत्तर माहीत होतं. एक नाही, दोन माहीत होती, आणि दुसऱ्यात माझा हात होता. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

पहिलं उत्तर जुनं आहे, भूकंपाच्या वर्षाचं.

तेव्हा मी चौथीत होते. आमच्या अहमदपुरात घरं पडली नव्हती, पण भिंतींना तडे गेले होते आणि माणसांच्या मनातली छतं पडली होती. कुणी घरात झोपायला तयार नव्हतं. आमचे आप्पा, भुसार मालाचे व्यापारी, गळ्यात लिंग आणि कपाळावर भस्म, एरवी कुणाच्या ताटाला ताट न लावणारे. ते सुद्धा मोंढ्याच्या मैदानात पत्र्याचं खोपट घालून राहिले, आणि शेजारचं खोपट तुमचं. तुम्ही तेव्हा गावातले गादीवाले. तालीम तुमची मशिदीमागे होती आणि तिथे मुलींना जायची बात नव्हती. पण सगळा गावच मैदानात आला म्हटल्यावर तालीम पण मैदानात आली. संध्याकाळी तुम्ही पोरांना काठी शिकवायचात आणि आम्ही पोरी फ्रॉक सावरत कडेला बसून बघायचो. जरा जमीन हलल्यासारखं वाटलं, एखादा ट्रक गेला तरी, मी किंचाळायचे. एक दिवस तुम्ही माझ्यासमोर येऊन उकिडवे बसलात.

"आप्पाची पोरगी ना तू? कशाचं भ्याव वाटतं?"

"छत पडंल."

"इथं छत हाय का? इथं काय पडतं? लई तर काठी पडंल. धर."

अशी मी काठी धरली. आप्पांनी दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी मी ट्रक जाताना किंचाळले नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी स्वतः वेळूची काठी आणून दिली. पुढे कुणी टोचून बोललं की ते म्हणायचे, पोर रडायची थांबली, तुमचं काय जातंय.

तुमच्या तालमीत मारण्याआधी एक नियम शिकवला जायचा. समोरच्याची काठी पडली की आपण थांबायचं, वाकायचं, ती उचलायची आणि त्याच्या हातात द्यायची. मूठ त्याच्याकडे करून. देताना डोळे त्याच्या डोळ्यांत, एक पाय मागे. हे सगळं एका दमात, विचार न करता. 'शाबास, फिरून' असं म्हणायचं आणि पुन्हा पैतरा. मी अंगानं दांडगी होते. पहिल्यांदा एका पोराची काठी पाडली तेव्हा ती परत द्यायच्या ऐवजी मी त्याच्या पाठीत दोन हाणल्या. तुम्ही ओरडला नाहीत. माझी काठी काढून घेतलीत आणि म्हणालात, आठ दिवस येऊ नको. आठ दिवस मी आमच्या खोपटाशी बसून रडले. नवव्या दिवशी तुम्ही दोनशे वेळा माझ्याकडून ते करून घेतलंत. तुम्ही काठी टाकायचात, मी उचलायची, मूठ तुमच्याकडे. माझे गुडघे सोलले. त्या दिवसापासून आमच्या घरी माझ्या हातून पळी पडली, कात्री पडली, तरी उचलून दांडा समोरच्याकडे करून द्यायची सवय लागली. आईला फार कौतुक वाटायचं. ती म्हणायची, सोयरीक जमवायला बरं पडंल.

मी विचारलं होतं तुम्हाला, द्यायची कशाला? तुम्ही सांगितलं नाहीत. दाखवायचा योग मात्र महिनाभरात आला. भर दुपारी सगळी मोठी माणसं दुकानात होती, आणि एक माणूस आमच्या खोपटाचा पत्रा उपसून ओढत निघाला. तुम्ही आडवे गेलात. त्याने पहार उगारली. तुम्ही काठीने ती अशी उडवली की ती आमच्या चुलीजवळ येऊन पडली. मी बघत होते. तुम्ही गेलात, पहार उचललीत, आणि त्याच्या हातात दिलीत. मला वाटलं आता हा तुमचं डोकं फोडणार. तो माणूस पहार धरून उभा राहिला, मग मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. किल्लारीकडचा होता. घरातलं कोण कोण गेलं ते सांगत होता आणि मला ती नावं आजही आठवतात. बायको आणि एक पोर उरलं होतं, त्यांच्या डोक्यावर घालायला पत्रा पाहिजे होता. तुम्ही पत्र्याचं दुसरं टोक धरलंत आणि स्टँडपर्यंत त्याच्याबरोबर गेलात. आप्पांना संध्याकाळी कळलं तेव्हा ते म्हणाले, "दस्तगीरसाब, उदार व्हा की, पण तुमच्या पत्र्यावर व्हा." त्या रात्री आम्ही सगळे तुमच्याच खोपटात दाटीवाटीने झोपलो.

तुम्ही त्या पहारीचा दाखला पुढे तीस वर्षं दिलात. ज्यानं हत्यार परत हातात दिलं त्याच्यावर माणसाचा हात उठत नाही, असं तुमचं ठाम मत झालं. मी लहान असताना मला ते खरं वाटायचं. मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायला लागला.

कारण मी नांदेडला शिकायला गेले. खेळाच्या कॉलेजात ज्युदो शिकले, कराटे शिकले, पट्टे मिळवले, आणि पट्ट्यांबरोबर शिंगं फुटली. सुट्टीत आले की तुम्हाला डिवचायचे. "उस्ताद, रस्त्यावर काठी कुठून आणायची?" तुम्ही म्हणायचात, "रस्त्यावर अंपायर कुठून आणतीस? तुझ्या कराट्याला चटई लागते, शिट्टी लागते. माझ्या काठीला जमीन पुरते. अन् काठी न्हाई तर छत्री हाय, दस्ती हाय." आणि दस्तीच्या टोकाला नाणं बांधून ती माझ्या मनगटावर अशी मारायचात की चहाचा कप हातातून सुटायचा. कप फुटायचा, चाची ओरडायच्या, आणि तुम्ही खापरं गोळा करून माझ्या हातात द्यायचात. एकदा होळीनंतर शिखांच्या होल्याला तुम्हाला नांदेडला नेलं, त्यांचा काठी-तलवारीचा गतका दाखवायला. निळ्या पगड्यांतली ती पोरं फिरत होती आणि तुम्ही गर्दीत उभे राहून नकळत पाय टाकत होता. बाजूच्या सरदारजींनी तुम्हाला हात धरून पुढे नेलं. परत येताना एसटीत अर्ध्या वाटेत तुम्ही म्हणालात, "आपलेच भाऊबंद की हे." मी म्हणाले, छान दिसतं उस्ताद, पण हे नाचणं आहे, मारामारी नाही. अहमदपूर येईपर्यंत भांडलो. कंडक्टरने मिटवलं.

मग लातूर मोठं झालं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथे येऊन खोल्या करून राहिली, गल्लीगल्लीत हॉस्टेलं निघाली, आणि प्रत्येक पोराला एक गादी लागते. तुम्ही दुकान लातुरात आणलंत. मी पण आले. आईबापांना काळजी, पोरींना भीती, तेव्हा खानावळीच्या वरच्या हॉलमध्ये मी मुलींचा स्वसंरक्षण वर्ग काढला. त्यांच्या गाद्या तुम्ही भरायच्या आणि त्यांच्या मुठी मी वळवून द्यायच्या. वर्षाने गाद्या पुन्हा पिंजायला आल्या की तुम्ही मला बोलावून दाखवायचात. "बघ, गादीच्या मधोमध खड्डा न्हाई. कडेला हाय. हे लेकरू झोपत न्हाई, कडेवर बसून वाचून राहिलंय." तुम्हाला त्यांच्या मार्कांपेक्षा त्या खड्ड्याची जास्त काळजी होती. पल्लवीला तुम्ही तसंच ओळखत होता, कडेच्या खड्ड्यावरून. तिला बोलावून सांगितलंत, पोरी, जरा आडवी होत जा.

आता दुसरं उत्तर. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात मीच तुम्हाला वर्गावर बोलावलं. म्हटलं पोरींना जुनी विद्या दाखवा. चाळीस पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पल्लवी पहिल्या रांगेत. मी भगव्या रंगाचा रबरी चाकू घेऊन तुमच्यावर आले. तुम्ही दस्ती फिरवली, नाणं मनगटावर बसलं, चाकू खाली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाकलात, चाकू उचललात, मूठ माझ्याकडे करून पुढे धरलात आणि पोरींकडे बघून हसलात. मी चाकू घेतला आणि तुमच्या डाव्या बरगडीखाली टेकवला. पोरींना म्हणाले, "बघितलं? तालमीतला नियम रस्त्यावर नेला की असं होतं. उस्ताद मेले."

माझे शब्द आहेत ते. उस्ताद मेले.

तुम्ही पण कमी नाटकी नव्हता. बरगडी धरून 'या अल्ला' करत चटईवर आडवे झालात, एक डोळा उघडून बघितलंत, पोरी हसून लोळल्या. मग उठून कुडता झटकत म्हणालात, "माझंच चुकलं. देताना डोळे डोळ्यात ठेवायचे, मी ह्या लेकरांकडं बघून राहिलो. अन् दुसरं सांगू? तुझ्या हातात रबर व्हतं, म्हणून तुझा हात उठला. खरं लोखंड हातात दिल्यावर माणसाचा हात उठत न्हाई, गिरजे."

"उठतो, उस्ताद."

"न्हाई उठत. मी बघितलंय."

"एकदा बघितलंय. तीस वर्षांपूर्वी."

"हाव, पण बघितलंय. तू तर एकदा बी न्हाई."

मी चिडले. म्हणाले, कळंल तुम्हाला एक दिवस. तुम्ही म्हणालात, "बरं, चहा पाज आधी, मग भांडू." चहा झाला आणि तुमचा टेम्पो आला, त्यामुळे भांडण राहून गेलं.

त्या पोराने चाकू तिथेच मारला. डाव्या बरगडीखाली. मी जिथे रबर टेकवला होता तिथेच. डॉक्टरांनी जागा सांगितली तेव्हा मी दवाखान्याच्या भिंतीला हात लावून उभी होते आणि मला पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात एकच घण. या माणसाने माझ्याशी चाललेलं भांडण जिंकायला चाकू परत दिला. मी त्यांना डिवचलं नसतं, तर ते त्या पोरावर पारखून बघायला गेले नसते. मी 'कळंल एक दिवस' म्हणाले आणि तो दिवस आला. रोज अंघोळ करताना, जेवताना, हेच.

पाचव्या दिवशी पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी हवालदारांना तालमीचा नियम समजावून सांगितला. पडलेलं हत्यार उचलून परत द्यायचं, मूठ समोरच्याकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे असं लिहिलं तर कोर्टात हसतील." मग विचार करून त्यांनी लिहिलं, 'मयताने सवयीने चाकू परत दिला'. मी म्हणाले, सवयीने खोडा. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? मी कागद माझ्याकडे ओढला आणि परत सरकवला. पण सवयीने हा शब्द मला फार लागला. सवयीने माणूस खाकरतो, सवयीने तंबाखू मळतो. तुमची पन्नास वर्षांची विद्या, आणि तिचा शेवट त्या एका शब्दात. भांडण जिंकायला दिला असं म्हटलं तर दोष माझा, आणि सवयीने दिला म्हटलं तर मी तुमच्याशी जन्मभर जे भांडले ते खरं ठरलं. मला दोन्ही नको होतं. मी सही केली.

काल पल्लवी आली. तिचे वडील तिला उमरीला परत न्यायला आले होते, रिक्षात तिची ट्रंक आणि पुस्तकं, आणि वर तुम्ही भरलेली गादी गुंडाळून बांधलेली. आठ दिवसांत ती कुणाशी नीट बोलली नव्हती. वडील खालीच थांबले. ती वर हॉलमध्ये आली, चपला दाराशी काढल्या, आणि उभी राहूनच बोलायला लागली.

"मॅडम, त्यांनी त्याच्याकडं बघितलंच न्हाई."

"कुणी?"

"उस्तादांनी. चाकू देताना ते माझ्याकडं बघून राहिले होते. पळ म्हणले मला. पळ पोरी, पळ की. दोनदा म्हणले."

उस्ताद, ते चित्रण मुकं आहे आणि पाठीमागून आहे. मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी चिडून विचारलं, "मग पळाली का नाहीस?"

ती घाबरली नाही. तिने जे खरं होतं ते सांगितलं. "तुम्ही पळायला शिकवलंच न्हाई, मॅडम. तुम्ही म्हणलात ना, आधी पाय रोवायचे. मी रोवून उभी होते."

मी चटईवर खाली बसले. ती चूक माझ्या एकटीची नव्हती हो. पाय रोवायला मला तुम्ही शिकवलंत, मोंढ्याच्या मैदानात, फ्रॉकवर. तुमच्या तालमीत आणि माझ्या वर्गात एवढी एकच गोष्ट सारखी होती. काठी चांगली की कराटे चांगलं, यावर आपण वीस वर्षं घसा कोरडा केला. एसटीत भांडलो, चहावर भांडलो, चाचींचे कप फोडले. आणि त्या सगळ्या वर्षांत पळणं हा शब्द ना तुम्ही काढलात ना मी. पळणं म्हणजे आपल्या दोघांच्या लेखी लाजच होती. तो शब्द तुम्ही पहिल्यांदा उच्चारलात तो मंगळवारी दुपारी, आणि तो ऐकायला ज्या पोरीला तयार करायचं होतं ती मी तयार केली नव्हती.

पल्लवी माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "मी पळाले असते तर ते वाचले असते का?" मी म्हणाले, माहीत नाही. हे खरं आहे, मला माहीत नाही. मग तिला जवळ घेतलं. तिच्या वडिलांनी खालून हाक मारली तेव्हा ती उठली. जाताना मी तिला म्हणाले, परीक्षा दे, उमरीतून दे, पण दे. ती हाव म्हणाली.

ती गेल्यावर मला एक गोष्ट कळली आणि हलकं वाटलं. चाकू देताना तुमचे डोळे तिच्यावर होते, म्हणजे त्या क्षणी तुम्ही माझ्याशी भांडत नव्हता. मी तुमच्या डोक्यात नव्हतेच. आणि खोटं नाही बोलत, त्याच दमात जरा वाईटही वाटलं. पण मग हात? डोळे पोरीकडे होते, तोंडात पळ होतं, मग चाकू कुणी दिला?

आज संध्याकाळी वर्ग घेतला. खानावळवाल्या मावशी म्हणाल्या, दोन आठवडे बंद ठेव. मी म्हणाले, बंद ठेवला तर परत उघडायचा धीर होणार नाही. पोरी आल्या, नेहमीपेक्षा कमी. मी त्यांना मुठी वळू दिल्या नाहीत. चपला घालायला लावल्या आणि जिन्यावरून खाली, गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत पळवलं. ओरडत पळा म्हणाले. लाजत होत्या. तिसऱ्या फेरीला लाज गेली, आणि पाणीपुरीवाला गाडा सोडून बघायला उभा राहिला.

वर आल्यावर रबरी चाकू काढला. नायगावची एक बारकी पोरगी आहे, शेवटच्या रांगेत असते. तिच्यासमोर मी मुद्दाम चाकू हातातून पाडला. तिने क्षणभरही विचार केला नाही. वाकली, उचलला, पात्याला धरला आणि मूठ माझ्याकडे केली. मागच्या महिन्यात तुम्हाला एकदाच पाहिलं होतं तिने. मी तिच्यावर एवढ्याने ओरडले की तिच्या हातून तो गळून पडला. "द्यायचा नाही. कुणाला कधी द्यायचा नाही. लाथेनं लांब घालवायचा आणि पळायचं." ती मान हलवत मागे सरली. मी थांबले, उस्ताद. दाराकडून कुणीतरी 'न्हाई गिरजे' म्हणेल म्हणून मी खरोखर थांबले. तुमच्या शिकवणीच्या विरुद्ध आज उघड शिकवलं, आणि भांडायला कुणी नव्हतं. तेव्हा मला रडू आलं, पोरींसमोर, नऊ दिवसांनी.

मावशींनी पोरींना खाली जेवायला नेलं. चाकू चटईच्या कडेला तसाच पडला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता, मी ओरडल्यावर कोण लावणार. मी दिवे बंद करायला गेले, वाटेत वाकून तो उचलला. सरळ उभी राहिले आणि हाताकडे बघितलं. पातं माझ्या बोटांत होतं, मूठ पुढे केलेली, एक पाय मागे गेलेला. मी काही ठरवलं नव्हतं. समोर रिकामी भिंत होती.

उद्या सकाळी चाचींकडे जाते. त्या विचारतील तेव्हा त्यांच्यासमोर एक पळी पाडते आणि माझा हात काय करतो ते त्यांना बघू देते.